मथुरेला ठेवलेली माणसं

माझी भाची वृंदा बारावीत होती त्या वर्षी, म्हणजे दोन हजार सोळा-सतरा साली, दिल्लीला आर. के. पुरमच्या त्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये जो कोणी चहाला येई तो तिला काय शिकायचं याचा सल्ला देऊन जाई. सल्ला द्यायला काही लागत नाही, कप हातात आला की तो आपोआप सुरू होतो. मी वृंदाची आत्या, हेमलता. नोएडाहून दर रविवारी भावाकडे जायचे, आणि हे सगळं ऐकून माझं डोकं उठायचं.

वृंदाला खेळ तयार करायचे होते. खेळायचे नव्हेत, तयार करायचे. लहानपणी तिने सापशिडीचे नियम उलटे करून आम्हाला खेळायला बसवलं होतं. सापावरून वर चढायचं आणि शिडीवरून खाली घसरायचं. आम्ही खेळत होतो आणि ही पट सोडून आमच्या तोंडांकडे बघत होती. मध्येच विचारायची, ''आत्या, आता राग आला का?'' आला होता. जिंकत होते आणि तरी आला होता, कारण शिडीवरून खाली यायला कोणाला आवडतं?

तिचे वडील दिनकर, माझा धाकटा भाऊ. दिनू केंद्र सरकारात नियम लिहायचं काम करतो. म्हणजे रजेचे, बदलीचे, प्रवासभत्त्याचे नियम. नियमाला फट राहू नये यासाठी तो एकेका वाक्यावर आठवडा घालवी, आणि कोणी फट शोधून काढली की घरी येऊन जेवायचा नाही. लोक त्याला कडक समजतात. कडक वगैरे काही नाही, त्याला फक्त सगळं चौकटीत लागतं. मुलीने खेळ करायचे म्हटल्यावर दुसरा बाप ओरडला असता. दिनूने शांतपणे विचार केला आणि निकाल दिला: खेळ असतात कॉम्प्युटरवर, म्हणजे कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करायचं, विषय संपला. त्याने तिला कोचिंगला घातलं आणि ऑफिसात सगळ्यांना सांगूनही टाकलं.

वृंदाला कोडिंग जमत नव्हतं असं नाही. जमत होतं, पण त्यात ती रमत नव्हती. मग शाळेतल्या मार्गदर्शक बाईंनी अ‍ॅनिमेशनचं नाव काढलं, म्हणून आम्ही नोएडातल्या एका संस्थेत जाऊन आलो. तिथे भिंतभर ड्रॅगन. संस्थेतल्या बाई म्हणाल्या, ''बेटा, ड्रॉइंग दिखाओ.'' वृंदाने हत्ती काढला. तो हत्ती बघून मला आमच्या गल्लीतला लंगडा कुत्रा आठवला, आणि त्या बाईंना काय आठवलं कोण जाणे, त्यांनी फीची माहिती सांगायला सुरुवात केली. बाहेर आल्यावर पोरगी रस्त्यातच उभी राहिली.

''यार आत्या,'' ती म्हणाली, ''चित्र काढणारा काय शिकतो ते सगळे सांगतात. कोड लिहिणारा काय शिकतो तेही सांगतात. पण खेळ बनवणारा माणूस नक्की काय शिकलेला असतो, हे कोणीच का सांगत नाही?''

मला तरी काय ठाऊक? मी आयुष्यभर मंत्रालयात भाषांतरं केली. पण प्रश्न चोख होता, आणि चोख प्रश्नाला गुळमुळीत उत्तर देणं माझ्या जिवावर येतं. मी म्हटलं, ''मला माहीत नाही. पण तुझ्या बापालाही माहीत नाही, एवढं नक्की.''

हे वाक्य तिने घरी जाऊन जसंच्या तसं बापाला ऐकवलं. झालं, दिनू चिडला. पण चिडला तरी अन्यायाने वागणाऱ्यांतला तो नाही. त्याने अट घातली. दर संक्रांतीला आमचं मराठी मंडळ बस करून पानिपतला काला अंबच्या युद्धस्मारकाला जातं. पानिपतची लढाई संक्रांतीच्याच दिवशी झाली, त्यामुळे दिल्लीतल्या आम्हा लोकांचा सण तिथे फुलं वाहण्यातच जातो. दिनू म्हणाला, ''त्या बसमध्ये मंडळाच्या चार माणसांना तुझा एक खेळ खेळायला लाव. खेळ पुरा झाला पाहिजे आणि कोणीतरी एक नियमाप्रमाणे जिंकलं पाहिजे. जमलं, तर तू म्हणशील ते शीक. नाहीतर कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, आणि मग कुरकुर नाही. बोल, मंजूर?''

''मंजूर,'' वृंदा म्हणाली. तिची आई लतिका स्वयंपाकघरातून म्हणाली, ''बोर्डाची परीक्षा आहे तिची, दोघांनाही कळतंय ना?'' पण ते कोणी ऐकलं नाही.

मग तिने खेळ केला. बसमध्ये सोंगट्या घरंगळू नयेत म्हणून पट जुन्या चादरीच्या तुकड्यावर रंगवला आणि त्यावर ब्लाउजला लावतात ती टिचबटणं शिवली. एक अर्धं पटावर, दुसरं अर्धं म्हणजे सोंगटी. दाबली की टिच्च करून बसायची. मला त्या युक्तीचं फार कौतुक वाटलं.

खेळ असा. चार सरदार नर्मदेवरून निघतात, पानिपतला पोचतात आणि परत नर्मदेला येतात. ज्याचं निशाण, म्हणजे मुख्य सोंगटी, आधी परत येईल तो जिंकला. प्रत्येक सरदाराबरोबर फौजेखेरीज बायकामुलं आणि यात्रेकरू, ही सगळी साधी पांढरी बटणं. ही माणसं दर खेळीला दाणा खातात आणि चाल हळू करतात. दाणा संपला की सरदार बाद. मात्र मथुरेला तुम्ही ही माणसं उतरवून ठेवू शकता. ठेवली की हलके झालात, पळा. परत येताना तिथे एक खेळी थांबलात आणि थोडा दाणा खर्च केलात, तर ती पुन्हा घेता येतात. नाही थांबलात तरी चालतं. इतिहासात असंच झालं असं नाही, हे नियम वृंदाचे. ''खरी गंमत मथुरेला आहे आत्या,'' ती मला म्हणाली होती. ''तिथे प्रत्येकाला मोह होणार.''

आणि दाणा म्हणून तिने घेतला संक्रांतीचा काटेरी हलवा. आकाराने बरोबर होता आणि घरात होता, एवढाच विचार.

त्या दिवशी धुकं इतकं होतं की कर्नाल रोडवर बस चालण्यापेक्षा उभीच जास्त होती. खेळायला वेळच वेळ. चार खेळाडू बसले. मंडळाचे सचिव दत्तात्रय टिकेकर. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या विजयालक्ष्मीबाई. पोस्टाच्या हिशेब खात्यातले गुणवंत मेश्राम. आणि फौजेतून सुभेदार होऊन आलेले बळवंतराव. बाकीची बस सीटांवरून वाकून बघत होती. दिनू मागच्या सीटवर पंचासारखा.

पहिल्या काही खेळ्या झकास झाल्या. नंतर मथुरा आली. टिकेकरांनी एकही बटण उतरवलं नाही. विजयालक्ष्मीबाईंनी नाही. बळवंतरावांनी तर मथुरेकडे बघितलंसुद्धा नाही. मेश्रामांनी एक बटण उचललं, सगळ्या बसने ''अहो अहो!'' केलं, आणि त्यांनी ते शरमून परत लावलं. सगळे लोढणं घेऊन निघाले उत्तरेला. दिल्लीच्या पुढे बळवंतरावांचा दाणा संपत आला. आता ते बाद होणार, म्हणून वृंदा पुढे सरसावली, तर विजयालक्ष्मीबाईंनी आपल्या पुढ्यातला मूठभर हलवा उचलून त्यांच्या हातावर ठेवला.

''बाई, असं देता येत नाही. तुम्ही दोघं अपोनंट आहात!''

''अगं, आज संक्रांत आहे,'' बाई म्हणाल्या. ''हलवा समोर असताना माणसाला नाही कसं म्हणू?''

आणि मग जे सुरू झालं ते कोणाला आवरेना. टिकेकरांनी मेश्रामांना दिला, मेश्रामांनी बाईंना. बघणाऱ्यांनी हात पुढे केले, त्यांनाही मिळाला. अर्ध्या फौजेचं धान्य मागच्या सीटवरची मुलं खाऊन बसली. पानिपत यायच्या आधीच पटावरचा सगळा दाणा संपला आणि चारही सरदार एकाच खेळीत बाद झाले. बसमध्ये टाळ्या पडल्या. बळवंतराव म्हणाले, ''वा, काय गेम आहे! सगळे साथ साथ गेलो.''

कोणी जिंकलं नाही. खेळ पुरा झाला नाही. मी वृंदाकडे बघितलं. तिचा चेहरा एवढासा झाला होता.

काला अंबला लोक स्मारकाशी फुलं वाहत होते, ही एका बाजूला कट्ट्यावर बसून रडत होती. मला दिनूचा असा राग आला होता म्हणून सांगू! पोरीच्या भविष्यावर काय पैज लावायची असते? पण तो तिच्याजवळ गेला आणि चांगल्याच मनाने समजावू लागला. ''रडू नकोस. आयडिया बेस्ट होती. फक्त नियमाला लूपहोल राहिलं. दाणा दुसऱ्याला देता येणार नाही, हे तू लिहिलंच नव्हतंस. हेच कॉम्प्युटरवर असतं ना, तर त्यांना देताच आलं नसतं. बटणच नसतं तसं. म्हणून म्हणतो, कॉम्प्युटर शीक.''

वृंदाचं रडणं थांबलं. ती वर बघून म्हणाली, ''बाबा, कॉम्प्युटरवर असतं तर त्यांनी दिला नसता. आणि त्यांना द्यायचा होता, हे मला कधी कळलंच नसतं.''

दिनूला ते समजलं नाही. मलाही तिथल्या तिथे समजलं असं म्हणणार नाही. पण परतीच्या बसमध्ये पोरगी चौघांच्याही शेजारी जाऊन बसली आणि एकच विचारत राहिली, तुम्ही असं का केलंत? मेश्राम म्हणाले, मला वाटलं माणसं मथुरेला ठेवावीत, पण सगळे बघत होते. बळवंतराव म्हणाले, ''पोरी, आपली माणसं वाटेत टाका अशी ऑर्डर मी कधी दिली नाही, ती आज गेममध्ये देऊ?'' टिकेकर म्हणाले, मी दिला कारण बाईंनी दिला. चौघांची चार कारणं. घरी पोचेपर्यंत तिचे डोळे चमकायला लागले होते.

जेवताना तिने सांगितलं, ''मला सायकॉलॉजी करायचंय. बी.ए. ऑनर्स. कोड मी पुढे शिकेन, लागेल तेवढं.''

''मानसशास्त्र?'' दिनूचा घास हातात राहिला. ''ते पेशंट लोकांचं असतं ना? त्याचा खेळाशी काय संबंध? आणि अट ती अट, वृंदा. कोणी जिंकलं नाही. इंजिनिअरिंग ठरलं.''

''ठरलं,'' ती म्हणाली. शब्दाची पक्की, बापासारखीच. दुसऱ्या दिवसापासून ती मुकाट्याने कोचिंगला जाऊ लागली. कुरकुर नाही केली. तेच मला बघवेना. दर रविवारी जाऊन बघावं तर पोरगी गणितं सोडवतेय आणि घरात कोणी कोणाशी बोलत नाहीये. लतिका फोनवर म्हणाली, ''ताई, भांडली असती तर बरं झालं असतं.''

थंडी ओसरत आली तशा एका रविवारी माझाच बांध फुटला. मी दिनूला म्हटलं, ''तू बसमध्ये पंच होतास. स्वतः एकदा तरी खेळलास का? लोकांसाठी नियम करायचे आणि आपण बाजूला उभं राहायचं, ही तुझी लहानपणापासूनची खोड आहे.''

''चल, खेळतो,'' तो म्हणाला. ''दाखवतो कसं जिंकायचं ते. मांड गं.''

वृंदाने पट मांडला. हलवा केव्हाच संपला होता, दाणा म्हणून राजमा घेतला. दिनू, लतिका आणि मी असे तिघं बसलो, चौथा सरदार बाद धरला. मथुरा आली तशी दिनूने आपली पांढरी बटणं सगळीच्या सगळी काढून तिथे ठेवली. टिच्च टिच्च टिच्च. जराही मागे-पुढे पाहणं नाही. मग काय, तो सुटलाच. आम्ही दिल्लीशी रडतखडत होतो तेव्हा तो पानिपतला पोचून माघारी फिरला होता. परत येताना मथुरेवरून गेला, थांबला नाही, आणि नर्मदेवर निशाण लावून मांडीवर थाप मारली.

''झालं! एवढं सोपं आहे. जिंकता येतं, फक्त डोकं थंड ठेवायला हवं.''

वृंदा इतका वेळ पटाकडे नाही, त्याच्याकडे बघत होती. ती म्हणाली, ''बाबा, परत येताना तुमच्याकडे राजमा होता.''

''होता ना. भरपूर उरला.''

''एक खेळी थांबून माणसं परत घेता आली असती. तरी तुम्हीच पहिले आला असता.''

''माहीत आहे. नियम वाचलाय मी.''

''मग का नाही घेतलीत?''

यात तिने त्याला पकडायचा काही हेतू नव्हता. मेश्रामांना विचारलं तसंच विचारलं. दिनू उत्तर द्यायला गेला आणि पटाकडे बघून अडकला. मथुरेला त्याची बटणं जिथल्या तिथे बसली होती.

''राहून गेलं,'' तो म्हणाला.

मग तो मथुरेवरच्या बटणांवरून बोट फिरवत राहिला. लतिका त्याच्याकडे बघायला लागली. शेवटी तो माझ्याकडे न बघता म्हणाला, ''ताई, आईचंही राहून गेलं गं.''

आमची आई कराडला दोन खोल्यांत एकटी राहायची. दिनूची दिल्लीला बदली झाली तेव्हा तो तिला सांगून आला होता, क्वार्टर मिळालं की नेतो. क्वार्टर मिळालं. मग म्हणाला, थंडी संपली की आणतो, तिला सोसायची नाही. थंडी संपली. मग उन्हाळा संपला की आणतो. दिल्लीला थंडी आणि उन्हाळा यांच्यामध्ये असतात कितीसे दिवस? तेवढ्यात कधी दिनूची खात्याची परीक्षा, कधी लतिकाचं बाळंतपण. आई फोनवर म्हणायची, ''सवडीने ने रे बाबा.'' ती गेली तेव्हा वृंदा रांगत होती. दिनूने तेराव्यालाही याबद्दल चकार शब्द काढला नव्हता, आणि मीही कधी विषय काढला नाही. काढून काय होणार होतं?

त्या दिवशी तो बोलला. मला नाही, मुलीला सगळं सांगितलं. इथे या खोलीत तिच्यासाठी खाट आणून ठेवली होती, तिला जमिनीवरून उठता यायचं नाही म्हणून. दाराशी चपला काढायला स्टूल केलं होतं. सगळी तयारी नियमाप्रमाणे केली आणि आणायचंच राहिलं. ''मला खरंच आणायचं होतं गं तिला,'' तो म्हणाला. माझा भाऊ रडला, पन्नाशीचा बाप्या, आणि तोंडही लपवलं नाही त्याने. मलाही रडू आलं. वृंदा त्याला थोपटायला गेली नाही, उगी उगी म्हणाली नाही. समोर बसून ऐकत राहिली आणि तो थांबला की फक्त म्हणायची, ''मग?''

खूप वेळाने तिने विचारलं, ''बाबा, तो मथुरेचा नियम काढून टाकू का?''

दिनूने सदऱ्याने डोळे पुसले. त्याच्यातला नियम लिहिणारा लगेच जागा झाला. ''नको. काढू नकोस. ठेवता आलं पाहिजे. परत घेताही आलं पाहिजे. कोणी अडवायचं नाही आणि कोणी आठवण करून द्यायची नाही. ज्याचं त्याला कळू दे.''

वृंदा आज नोएडाच्या एका कंपनीत खेळ तयार करते. अनोळखी लोकांना खेळायला बसवायचं आणि आपण त्यांच्या मागे बसून बघायचं, हे तिच्या कामातलं मोठं काम. ती काय शिकली हे आता नातेवाईक मला विचारतात, आपल्या मुलांसाठी. मी सांगते, मानसशास्त्र, आणि त्यांचे चेहरे पडतात. त्यांना कॉम्प्युटरचं काहीतरी हवं असतं. पडू देत.

पण त्या रविवारी यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. अट अजून होती आणि दिनू अटीचा माणूस. लतिकाने चहा आणला, त्याने दोन घोट घेतले आणि वृंदाला विचारलं, ''हे कुठे शिकवतात?''

''काय?''

''हेच. आत्ता तू जे केलंस ते. माणसाला बोलतं करणं.''

''पूर्ण कुठेच नाही शिकवत, बाबा,'' ती म्हणाली. ''थोडंसं सायकॉलॉजीत.''

दिनूने चहा संपवून कप खाली ठेवला.

''मग तेवढं तिथे शीक,'' तो म्हणाला. ''उरलेलं आमच्याकडे बघून शीक.''